पिकअपचा हौदा, मागची सीट आणि काही हट्टी गैरसमज

न्यू जर्सीतल्या आमच्या ढोल-ताशा पथकाचं सामान वाहायचं काम गेली चार वर्षं माझ्या पिकअपकडे आहे. हौद्यात चार ढोल आडवे बसतात, वरून पट्टे आवळायचे, ताशे आणि टिपरं खालच्या कप्प्यात. मिरवणूक आटोपली की त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून आई घरी येते. ती सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली असते आणि तिचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. दरवर्षी मंडळातलं कुणीतरी गाडीवर थाप मारून म्हणतंच, "गाडी छान आहे रे, पण हा काही खरा ट्रक नव्हे."

गाडी होंडा रिजलाइन. भारतात ती विकली जात नाही. अमेरिकेत २००५ साली आली, २०१६ मध्ये तिची दुसरी पिढी निघाली, आणि आता ती अलाबामातल्या लिंकन गावच्या कारखान्यात तयार होते. इथे ज्याला 'मिडसाइझ' पिकअप म्हणतात त्या गटातली ही गाडी. याच गटात टोयोटा टॅकोमा, फोर्ड रेंजर, शेव्हरोले कोलोराडो आणि निसान फ्रंटियर येतात. हे सगळे ट्रक वेगळ्या चॅसीवर बांधलेले आहेत. म्हणजे खाली शिडीसारखी पोलादी चौकट आणि वर बसवलेली बॉडी. रिजलाइन मात्र मोनोकॉक आहे. चौकट आणि बॉडी एकच, आपल्या नेहमीच्या कारसारखी. 'खरा ट्रक नव्हे' या शेऱ्याचं मूळ इथे आहे.

पण चॅसी नाही म्हणून गाडी ओझं वाहू शकत नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. रिजलाइन साधारण १,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो भार घेते. चॅसीवाल्या कित्येक मिडसाइझ ट्रकांच्या बरोबरीचा हा आकडा आहे. चॅसीचा खरा फायदा जड ट्रेलर ओढताना, आणि चौकटीला पीळ बसेल अशा खडकाळ वाटेवर दिसतो. रिजलाइनची ओढण्याची मर्यादा ५,००० पौंड. रेंजर साडेसात हजारांपर्यंत जातो, कोलोराडो त्याच्याही थोडा पुढे. खडकांवरून इंचाइंचाने चढायला लागणारा लो-रेंज गिअरही तिच्यात नाही. तुमच्याकडे मोठी बोट असेल किंवा दर शनिवारी डोंगरात घुसायचं असेल, तर ही गाडी घेऊ नका. मी हे कुणालाही स्पष्ट सांगतो.

आता आरामाविषयी. "पिकअप रिकामा असला की उसळणारच, त्याला इलाज नाही," असं लोक गृहीत धरतात. महाराष्ट्रात भाजीच्या पिकअपमध्ये पुढे बसून ज्यांनी घाट उतरला आहे त्यांना हे पटतंही लगेच. उसळण्याचं कारण मागच्या पाट्यांत, म्हणजे लीफ स्प्रिंगमध्ये असतं. पाट्यांना एकाच वेळी दोन कामं असतात: भार पेलणं आणि मागचा आख जागेवर धरून ठेवणं. भरल्या हौद्याचं वजन पेलायचं म्हणून ते कडक केलेले असतात. हौदा रिकामा असला की त्यांना दबायला पुरेसं वजनच मिळत नाही, म्हणून खड्ड्याचा धक्का सरळ सीटपर्यंत येतो. त्यात आख सलग असला की डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्या चाकालाही हिसका बसतो, आणि गाडीचं ढुंगण बाजूला सरकल्यासारखं वाटतं. पाटे वाईट नसतात. साधे, स्वस्त आणि वर्षानुवर्षं टिकणारे असतात. पण ते ओझ्यासाठी घडवलेले असतात.

रिजलाइनमध्ये पाटेही नाहीत आणि सलग आखही नाही. मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र लोंबतं, कॉइल स्प्रिंगवर. त्यामुळे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बर्फाने उखडलेला जो रस्ता आहे, तिथे एक चाक आत जातं, वर येतं, आणि मागे बसलेल्या आईच्या हातातला चहाचा थर्मास जागचा हलत नाही. इलाज आहे, तो असा. टॅकोमानेही २०२४ च्या मॉडेलपासून बहुतेक प्रकारांत पाटे काढून कॉइल स्प्रिंग दिल्या, आख मात्र सलगच ठेवला. भारतात मिळणाऱ्या टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉसला मागे पाटेच आहेत. तिथल्या वाचकांनी त्या गाड्या पारखताना एवढं ध्यानात ठेवावं.

सगळ्यात घातक गैरसमज आकड्यांचा आहे. जाहिरातीत ओढण्याचा आकडा ठळक छापतात आणि लोक त्यावरूनच ट्रकची लायकी ठरवतात. रोजच्या वापरात आधी संपतो तो दुसराच आकडा. चालकाचं दार उघडा. दाराच्या खांबावर, बिजागराच्या समोरच्या बाजूला, टायरमधल्या हवेची माहिती देणारं एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोंच्या, इतक्या पौंडांच्या वर वजन जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा त्याच एका गाडीचा असतो. शेजारच्या महागड्या प्रकारात चामड्याच्या सीटा नि काचेचं छप्पर वाढलं की तो कमी झालेला दिसतो.

माझ्या गाडीपुरता हिशेब करून पाहू. मर्यादा १,५०० पौंड. सरासरी १७० पौंडांची पाच माणसं बसली, ८५० गेले. मागे ५,००० पौंडांचा ट्रेलर जोडला, तर त्याचा दांडा हुकवर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार टाकतो. किमान ५०० पौंड धरा. उरले १५०. एवढ्यात हौद्यातलं सगळं सामान बसवायचं. हा हिशेब चॅसीवाल्या ट्रकलाही सुटत नाही. किंवा बागेसाठी माती आणायला जा. दुकानदार एक घनयार्ड माती भरतो, ती हौद्यात नीट मावते, आणि तिचं वजन असतं २,००० पौंडांच्या आसपास. हौद्यात मावलं म्हणजे गाडीला पेललं, असं नसतं. मी माती दोन खेपांत आणतो.

बर्फाबद्दल थोडं. "फोर-व्हील आहे ना, मग काय चिंता!" हे वाक्य मी हिवाळ्यात फार ऐकतो, आणि ऐकलं की मला काळजीच वाटते. बहुतेक पिकअपमध्ये चारही चाकांची ताकद कोरड्या रस्त्यावर लावायची नसते. पुढचा आणि मागचा आख एकमेकांना जखडले जातात आणि वळताना यंत्रणेवर ताण येतो. म्हणजे वर्षाचे बहुतेक दिवस ती गाडी मागच्या दोन चाकांवर चालते, आणि रिकाम्या हौद्यामुळे नेमकं त्याच चाकांवर वजन कमी असतं. ओल्या सिग्नलवर वळताना ती भिरभिरतात. रिजलाइनची व्यवस्था स्वयंचलित आहे. गरज पडली तर ती ७० टक्क्यांपर्यंत ताकद मागे पाठवते, आणि ती डाव्या-उजव्या चाकांत हवी तशी वाटते. निघताना याचा मोठा आधार होतो. थांबताना मात्र याचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक दाबल्यावर गाडी धरतो तो टायर, म्हणून हिवाळी टायरांचे पैसे वाचवू नयेत.

मायलेज शहर-महामार्ग मिळून गॅलनला २१ मैल, म्हणजे लिटरला नऊ किलोमीटरच्या जरा आत. साडेतीन लिटरच्या व्ही-सिक्स पेट्रोल इंजिनाकडून याहून जास्त अपेक्षा नको.

"हौदा उघडा, सामान चोरीला जाणार," हेही इथे पूर्ण लागू नाही. हौद्याच्या तळाखाली कुलपाचा कप्पा आहे, ७.३ घनफुटांचा, तळाला पाणी सोडायचं बूच असलेला. फाळका दोन तऱ्हांनी उघडतो, खाली पडतो आणि दारासारखा बाजूलाही. कप्प्याशी वाकायचं असलं की तो बाजूला उघडणं फार सोयीचं पडतं. मात्र स्टेपनी त्याच कप्प्यात असते. हौद्यात माती भरलेली असताना टायर बसला, तर आधी माती उपसावी लागेल. विकत घेण्याआधी हे माहीत असावं.

चाचणीला गेलात तर घरच्या थोरल्या माणसाला बरोबर न्या. त्यांना आधाराशिवाय मागच्या सीटवर चढायला सांगा, पाय कुठे अडतो ते बघा. गाडीची लांबी साडेसतरा फूट आहे, तेव्हा आदल्या दिवशी आपलं गॅरेज टेपने मोजून ठेवा. मग किल्ली विक्रेत्याच्या हाती द्या, स्वतः मागे बसा, आणि हौदा रिकामा ठेवून गाडी रेल्वे फाटकावरून न्यायला सांगा.