रंग नको, देठ बघा

पावसाळ्यात पुण्याच्या खडकीत रेल्वेमार्गाच्या कडेला, भिंतींलगत, उकरून टाकलेल्या मुरमावर तिळवण उगवते. हे काही वाळवंट नव्हे. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या पातळ मातीतली ओल पाऊस थांबताच आटते. त्यामुळे उगवणं, फुलणं आणि बी टाकणं काही महिन्यांत उरकणाऱ्या वर्षायू वनस्पतींचं इथे फावतं. पिवळी तिळवण आणि पांढरी तिळवण या दोघी अशाच. रंग नावातच असल्याने ओळख सोपी वाटते. पण पांढरीच्या पाकळ्या कित्येकदा जांभळट असतात, आणि तिसरी एक तिळवण मुळातच गुलाबी-जांभळ्या फुलांची आहे. तिचं पान साधं, न विभागलेलं असतं म्हणून ती लगेच बाजूला काढता येते, एवढंच. चिकट लव पिवळी आणि पांढरी दोघींनाही असते, वासही दोघींना उग्र. पर्णिका मोजाव्यात तर पिवळीला तीन किंवा पाच, पांढरीला बहुधा पाच. म्हणजे पाच दिसल्या की पुन्हा कोडं.

खात्रीचा पुरावा फूल आडवं धरून पाहिल्यावर मिळतो. पांढरीत पाकळ्यांच्या मधून एक बारीक दांडी वर निघते आणि सहा पुंकेसर त्या दांडीवर, पाकळ्यांपासून चांगल्या अंतरावर, पसरतात. पिवळीत अशी दांडी नसतेच. दहा-वीस पुंकेसर थेट फुलाच्या तळातून येतात. फूल गळून गेलं तरी बिघडत नाही. पांढरीच्या शेंगेखालच्या देठावर दोन पेरं दिसतात, खालचं पाकळ्यांच्या जागी आणि वरचं पुंकेसरांच्या जागी. पिवळीची चिकट, रेघारेघांची शेंग मात्र थेट फुलाच्या देठावर बसलेली असते. वाळून कोळ झालेल्या झाडावरही हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

यावर कोणी म्हणेल, आता मोबाइलमधलं ॲप फोटोवरून नाव सांगतं. सांगतं, पण आपण फोटो काढतो वरून, आणि वरून दांडीची उंची दिसत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: शास्त्रज्ञच नावं बदलत राहतात, मग एवढी चिकित्सा कशाला? पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पांढरी तिळवण पिवळीपेक्षा वेगळ्या प्रजातीत आहे. पुढे दोघींना एकाच प्रजातीत कोंबलं गेलं, आणि अलीकडे डीएनएच्या अभ्यासानंतर पांढरीला पुन्हा वेगळं काढलं गेलं. म्हणजे नावांची ये-जा झाली, दांडी होती तिथेच होती. आणि भिंगातून पाहणाऱ्यांचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता. वेगळेपण केवळ दिसण्यापुरतंही नाही. प्रकाशसंश्लेषणात पांढरी तिळवण ज्वारी-मक्याच्या वाटेने जाते, कडक उन्हात कमी पाण्यात कार्बन बांधण्याची ती पद्धत. पिवळी भात-गव्हासारखी चालते. म्हणूनच ही पद्धत कशी उपजली याचा शोध घेणारे संशोधक पांढरी तिळवण प्रयोगशाळेत वाढवतात, आणि त्यांच्या हाती चुकून पिवळीचं बी पडलं तर प्रयोगच फसेल.