एकघाती समीकरणसंहतींची उकल आणि पंक्तिलघुकरण

अनेक अव्यक्तांच्या एकघाती समीकरणांची उकल हा बीजगणितातील अगदी प्राथमिक विषय समजला जातो. शालेय अभ्यासक्रमात दोन समीकरणांतून एका अव्यक्ताचा लोप करावयास विद्यार्थी शिकतो, आणि पुढे निर्धारकांच्या साह्याने तीच उकल एका सूत्रात बसविलेली पाहतो. परंतु समीकरणांची संख्या वाढली, अथवा सहगुणक प्रयोगातून मिळालेले असले, म्हणजे तीन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. उकल आहे काय? असल्यास ती एकच आहे की अनेक? आणि आकडेमोडीने हाती आलेल्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवावा? पंक्तिलघुकरणाची पद्धती पहिल्या दोन प्रश्नांचे संपूर्ण उत्तर देते; तिसऱ्याच्या बाबतीत ती केवळ सावध करते. हा भेद स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

क्रेमरने १७५० मध्ये प्रसिद्ध केलेला निर्धारकांचा नियम दिसण्यात सुंदर आहे. मात्र त्याच्या दोन मर्यादा आहेत. सहगुणकांचा निर्धारक शून्य झाला की त्या नियमाने उकल मिळत नाही. समीकरणे विसंगत आहेत की उकली अनंत आहेत, हे एवढ्यावरून कळत नाही. दुसरी मर्यादा श्रमाची. वीस ओळींच्या निर्धारकाचा व्याख्येप्रमाणे विस्तार केल्यास २० क्रमगुणित, म्हणजे सुमारे २४ लक्ष कोटींच्या एक लाखपट इतकी जवळजवळ अडीचवर अठरा शून्ये एवढी पदे येतात. याउलट वीस अव्यक्तांची वीस समीकरणे क्रमशः लोप करून सोडविण्यास गुणाकार व भागाकार मिळून ३०६० क्रिया पुरतात. न अव्यक्तांसाठी ही संख्या (न³ + ३न² − न) ÷ ३ इतकी असते.

ही पद्धती गाऊसच्या नावाने ओळखली जात असली तरी ती त्याच्याहून फार प्राचीन आहे. 'गणितकलेची नऊ प्रकरणे' या प्राचीन चिनी ग्रंथाचे आठवे प्रकरण सर्वस्वी याच विषयाला वाहिलेले असून, त्यावर लिउ हुई याने इ. स. २६३ मध्ये भाष्य लिहिले. तेथे सहगुणक मोजणीच्या कांड्यांनी पटावर उभ्या स्तंभांत मांडले जात, आणि धन व ऋण संख्यांसाठी दोन रंगांच्या कांड्या वापरीत. भारतात ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये अनेक अव्यक्तांच्या समीकरणांचा नियम दिला. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशा नावांनी अव्यक्ते दर्शवून हा विषय विस्ताराने हाताळला. गाऊसने पॅलास या लघुग्रहाच्या कक्षेची गणना करताना सहा अव्यक्तांची समीकरणे पद्धतशीर लोपाने सोडविली. पुढे भूमापनशास्त्रज्ञ विल्हेल्म योर्डान याने १८८८ मध्ये आपल्या ग्रंथात लोपाचे अधिक पूर्ण रूप दिले. हा योर्डान म्हणजे फ्रेंच गणिती कामिय जोर्दां नव्हे, हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

चिनी ग्रंथातील पहिलेच उदाहरण घेऊ. उत्तम धान्याच्या ३, मध्यम धान्याच्या २ व कनिष्ठ धान्याची १ पेंढी मिळून ३९ मापे धान्य निघते; अनुक्रमे २, ३ व १ पेंढ्यांपासून ३४ मापे; आणि १, २ व ३ पेंढ्यांपासून २६ मापे. प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीचे धान्य किती? अव्यक्तांची नावे गाळून केवळ सहगुणक व उजव्या बाजूच्या संख्या लिहिल्या असता पुढील वर्धित आव्यूह मिळतो.

३  २  १ | ३९
२  ३  १ | ३४
१  २  ३ | २६

पंक्तींना प१, प२, प३ म्हणू. प२ च्या जागी ३प२ − २प१ आणि प३ च्या जागी ३प३ − प१ लिहिले असता पहिल्या स्तंभात प१ च्या खाली शून्ये येतात.

३  २  १ | ३९
०  ५  १ | २४
०  ४  ८ | ३९

आता प३ च्या जागी ५प३ − ४प२ लिहावे.

३  २  १ | ३९
०  ५  १ | २४
०  ०  ३६ | ९९

शेवटच्या पंक्तीवरून कनिष्ठ पेंढीचे धान्य ९९/३६, म्हणजे २ ३/४ मापे. ते दुसऱ्या पंक्तीत घातल्यास मध्यम पेंढीचे ४ १/४, आणि पहिल्या पंक्तीवरून उत्तम पेंढीचे ९ १/४ मापे येते. मूळ तिन्ही समीकरणांत ही मूल्ये घालून पडताळा पाहता येतो. येथे अपूर्णांक अखेरपर्यंत टाळले आहेत, आणि प्राचीन पद्धतीचेही हेच वैशिष्ट्य होते.

या क्रियांनी उत्तर बदलत नाही असे कशावरून? मूलभूत पंक्तिक्रिया तीन आहेत: दोन पंक्तींची अदलाबदल, एखाद्या पंक्तीस शून्येतर संख्येने गुणणे, आणि एका पंक्तीत दुसरीची कोणतीही पट मिळविणे. जी मूल्ये जुन्या समीकरणांना लागू पडतात ती नव्यांनाही लागू पडतात, हे उघड आहे. परंतु तेवढे पुरेसे नाही. नव्या समीकरणांत एखादी परकी उकल शिरलेली नाही हेही सिद्ध झाले पाहिजे. ते यावरून सिद्ध होते की, प्रत्येक क्रिया त्याच प्रकारच्या क्रियेने उलटविता येते. म्हणून दोन्ही संहतींच्या उकलींचा संच एकच असतो. आव्यूहांच्या भाषेत प्रत्येक क्रिया म्हणजे डावीकडून एका व्युत्क्रमी आव्यूहाने केलेला गुणाकार होय.

उलटता येण्याची ही अट केवळ औपचारिक नाही. क्ष + य = ५ व क्ष − य = १ या समीकरणांत पहिल्यातून दुसरे आणि त्याच वेळी मूळच्या दुसऱ्यातून पहिले वजा केले, तर २य = ४ व −२य = −४ एवढेच उरते. दोन्ही वजाबाक्या एकेकट्या बरोबर आहेत. तरी क्ष विषयीची सर्व माहिती नष्ट झाली. याचे कारण असे की दुसरी क्रिया पहिलीने बदललेल्या पंक्तीवर केली गेली नाही, आणि दोन्ही मिळून झालेला बदल उलटविता येत नाही. म्हणून क्रिया नेहमी एकामागून एक कराव्यात.

उकलींची संख्या ठरविण्यासाठी पुढील संहती उपयुक्त आहे. तीत क आणि ख ही प्राचले आहेत.

क्ष + य + ज्ञ = ६
क्ष + २य + ३ज्ञ = १४
क्ष + ३य + कज्ञ = ख

पहिले समीकरण दुसऱ्या व तिसऱ्यातून वजा करून, नंतर नव्या दुसऱ्याची दुप्पट तिसऱ्यातून वजा केली असता पुढील सोपान रूप मिळते.

१  १  १ | ६
०  १  २ | ८
०  ०  क − ५ | ख − २२

सर्व निर्णय शेवटच्या पंक्तीत एकवटला आहे. क ही ५ हून भिन्न असल्यास उकल एकच असते, मग ख काहीही असो. क = ५ असून ख ही २२ हून भिन्न असल्यास शेवटची पंक्ती 'शून्य बरोबर शून्येतर संख्या' असे म्हणते, अर्थात संहती विसंगत ठरते. क = ५ व ख = २२ असल्यास शेवटची पंक्ती संपूर्ण शून्य होते; ज्ञ ला त हे कोणतेही मूल्य देता येते, आणि मग य = ८ − २त, क्ष = −२ + त.

सोपान रूपातील शून्येतर पंक्तींच्या संख्येस आव्यूहाची कोटी म्हणतात. सहगुणकांच्या आव्यूहाची व वर्धित आव्यूहाची कोटी समान असेल तरच, आणि असेल तेव्हा निश्चितपणे, संहती सुसंगत असते. ही समान कोटी र आणि अव्यक्तांची संख्या न असल्यास न − र अव्यक्तांना स्वेच्छ मूल्ये देता येतात. क्रियांचा क्रम बदलल्यास सोपान रूप बदलू शकते. परंतु प्रत्येक पंक्तीचा अग्रांक १ करून त्याच्या स्तंभातील इतर सर्व घटक शून्य केले, तर मिळणारे लघुकृत रूप एकमेव असते. त्यामुळे कोटी ही गणकाच्या निवडीवर अवलंबून नसून मूळ आव्यूहाचाच गुण आहे.

येथवरचे विवेचन संख्या अचूक आहेत असे धरून झाले. प्रत्यक्षात यंत्र मर्यादित अंकच राखते. तीन सार्थ अंक राखून पुढील समीकरणे सोडवावीत.

०.०००१क्ष + य = १
क्ष + य = २

खरी उकल क्ष = १०,०००/९,९९९ आणि य = ९,९९८/९,९९९, म्हणजे दोन्ही जवळजवळ १ आहेत. पहिल्या समीकरणाची १०,००० पट दुसऱ्यातून वजा केल्यास −९,९९९य = −९,९९८ येते; तीन अंकांत दोन्ही संख्या −१०,००० होतात. म्हणून य = १, आणि पहिल्या समीकरणावरून क्ष = ०. हे उत्तर सपशेल चुकीचे आहे. पंक्तींची अदलाबदल करून तीच गणना केल्यास य = १ व क्ष = १ असे योग्य उत्तर मिळते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर स्तंभातील सर्वांत मोठ्या केवलमूल्याचा घटक लोपासाठी निवडावा, असा व्यवहारातील नियम आहे.

अशा चुका साचत जाण्याची भीती एके काळी फार होती. १९४३ मध्ये हॉटेलिंगने दाखविले की चुकीची मर्यादा प्रत्येक वाढत्या अव्यक्तागणिक चौपट होऊ शकते. १९४७ मध्ये फॉन नॉयमन व गोल्डस्टाइन यांनी, आणि १९४८ मध्ये ट्युरिंगने केलेल्या विश्लेषणाने ती भीती बरीच कमी झाली. विल्किन्सनने १९६१ मध्ये प्रश्नाची मांडणीच बदलली: मिळालेले उत्तर खऱ्या उत्तराच्या किती जवळ आहे हे न विचारता, ते मूळच्या किती निकटच्या संहतीचे अचूक उत्तर आहे, हे त्याने विचारले. योग्य घटकाची निवड केल्यास ती संहती व्यवहारात बहुधा मूळच्या अत्यंत निकट असते.

परंतु निकटच्या संहतीचे उत्तर निकटच असेल असे नाही. क्ष + य = २ व क्ष + १.००१य = २.००१ यांची उकल (१, १) आहे. दुसऱ्या समीकरणातील २.००१ च्या जागी २.००२ लिहिल्यास ती (०, २) होते. येथे पद्धतीचा दोष नाही. संहतीच नाजूक आहे, आणि पंक्तींची कोणतीही अदलाबदल तिला सुधारू शकत नाही. मागील उदाहरणातील क हा मोजमापातून आलेला असून तो ५ च्या निकट असेल, तर क − ५ शून्य आहे की नाही, आणि म्हणून उकल एक, अनंत की मुळीच नाही, हे आकडेमोड ठरवू शकत नाही. मोजमापाची अचूकता किती, हे ज्ञात असेल तरच तो निर्णय करता येतो. अचूक संख्यांच्या बाबतीत कोटी हा सिद्धांताचा विषय आहे. मोजलेल्या संख्यांच्या बाबतीत मात्र किती लहान घटकास शून्य मानावे हे ठरवूनच ती सांगावी लागते, आणि उत्तरासोबत ती मर्यादाही नमूद करणे हे गणकाचे कर्तव्य ठरते.