‘महारोग’ हा शब्द आणि लपवलेला चट्टा

‘भ्रष्टाचाराचा महारोग’, ‘समाजाला लागलेला कॅन्सर’ असे शब्द प्रचारसभेत आपण सहज ऐकतो. हे वाईट आहे, पसरते आहे, मुळापासून काढले पाहिजे, असे वक्त्याला सांगायचे असते. पण त्याच गर्दीत अंगावर चट्टा असलेला कुणी असेल, तर त्याला ऐकू येते ते एवढेच, की आपला आजार म्हणजे घाण. मग तो चट्टा बाहीखाली लपवतो आणि उपचार लांबतात.

महारोग म्हणजे कुष्ठरोग. तो पाप किंवा शाप नाही. त्याचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. बहुविध औषधोपचाराने (एमडीटी) तो सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून होणारा संसर्ग लवकरच थांबतो.

तरीही ही भीती कायद्यात टिकून राहिली. रुग्णांना वेगळे ठेवणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण तर थेट २०१९ मध्ये वगळले गेले. घरादाराने नाकारलेल्या रुग्णांसाठी बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारले, ते चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला.

फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा किंवा आशाताईंना सांगा. औषधे मोफत मिळतात. घरात ‘महारोगी’ हा शब्द वापरू नका. आणि भ्रष्टाचाराला भ्रष्टाचारच म्हणा. त्याला आजाराचे नाव देऊ नका.