आजार मोजला, माणूस राहिला

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना नाव-वय झालं की लिंगाचा रकाना येतो. समोर तृतीयपंथी असेल तर खिडकीतला माणूस तिथंच अडतो. आधारवर जुनं पुरुषी नाव, अंगावर साडी, आणि मागची रांग कान देऊन ऐकतेय. भरती व्हायची वेळ आलीच, तर बायकांचा वॉर्ड की पुरुषांचा, हा पेच वेगळाच. त्यापेक्षा दुखणं अंगावर काढलेलं परवडतं. हार्मोन्ससाठी मग मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने वाटेल तितक्या घेतल्या जातात. इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे सांगायला समोर डॉक्टर नसतोच.

एका आजाराची मात्र नीट मोजणी झाली. 2017 च्या राष्ट्रीय आकड्यांनुसार प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.22 टक्के होतं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये 2.69 आणि तृतीयपंथीयांमध्ये 3.14 टक्के. चौदा पट! आकडा होता म्हणून निधी आला, तपासणी आली, औषधं आली. त्यानं जीव वाचले, यात वाद नाही. पण याच समाजातला मधुमेह, रक्तदाब, नैराश्य या हिशेबाबाहेरच राहिलं. समलिंगी स्त्रियांचं तर विचारूच नका. एचआयव्हीचा धोका कमी, म्हणून त्यांच्या नावाचं खातंच उघडलं नाही.

हैदराबादेत 2021 मध्ये सुरू झालेलं ‘मित्र क्लिनिक’ याला अपवाद होतं. पुढे कल्याण आणि पुण्यातही ते निघालं. कर्मचारी बरेचसे तृतीयपंथी समाजातलेच, त्यामुळे खिडकीवरचा तो प्रश्नच मिटला. हार्मोन्सचा सल्ला, समुपदेशन, एचआयव्ही तपासणी, सगळं एका छताखाली. पैसा मात्र यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेचा, तोही एचआयव्हीविरोधी कार्यक्रमातला. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेनं मदत गोठवली आणि तिन्ही ठिकाणी कुलूप लागलं. हैदराबादचा दवाखाना नंतर टाटा ट्रस्ट्सच्या मदतीनं ‘सबरंग’ नावानं उघडला.

सरकारच्या आयुष्मान भारत या आरोग्य योजनेत तृतीयपंथीयांना वर्षाला 5 लाखांचं संरक्षण देण्याचा करार 2022 मध्ये झाला. त्यासाठी आधी तृतीयपंथी असल्याचं प्रमाणपत्र हवं, म्हणजे पुन्हा खिडकी आलीच.

एचआयव्हीचा शिक्का कुठवर पोचतो ते 2017 च्या रक्तदानविषयक नियमांत दिसतं. दात्याचं रक्त तपासलं जातंच; तरी या नियमांनी तृतीयपंथी आणि समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष यांना रक्तदानाला कायमची मनाई केली. तपासणीआधीच, केवळ गटावरून. या मनाईविरुद्ध 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली.