पेढी पत्नीच्या नावे करताना

वयाची साठी उलटली, मुले पुण्या-मुंबईस नोकरीत स्थिरावली, की अनेक व्यापारी घरांत दुकान सौभाग्यवतींच्या नावे करण्याचा विचार सुरू होतो. दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या वहीवर त्यांचे नाव घातले आणि दारावरची पाटी बदलली की काम झाले, अशी समजूत असते. कायदा मात्र याकडे एक धंदा बंद होऊन दुसरा सुरू झाला, अशा दृष्टीने पाहतो.

एकल मालकीच्या पेढीला मालकाहून निराळे कायदेशीर अस्तित्व नसते. मालकाचा पॅन तोच पेढीचा पॅन, आणि जीएसटी नोंदणीही त्यावरच आधारलेली. त्यामुळे पत्नीने स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावयाची, शिल्लक इनपुट टॅक्स क्रेडिट आयटीसी-०२ अर्जाने, सनदी लेखापालाच्या दाखल्यासह, तिच्याकडे वळवावयाचे आणि मगच पतीची नोंदणी रद्द करावयाची. हा क्रम उलटला तर शिलकी मालावरील क्रेडिट परत भरण्याची वेळ येते. पेढी चालू स्थितीत, येण्या-देण्यासह संपूर्ण सोपविली, तर त्या हस्तांतरणावर जीएसटी नाही. पण तसा लेखी दस्त हवा.

या दस्तावर सही करणाऱ्या स्त्रीला बहुधा न सांगितली जाणारी गोष्ट निराळीच आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार हस्तांतरणापूर्वीच्या थकीत करास, व्याजास व दंडास देणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार ठरतात. तीन वर्षांपूर्वीच्या व्यवहाराची मागणी उद्या निघाली, तर ती तिच्याही दारी येते. जुन्या नोटिसा कपाटात ठेवून नुसती सही मागणे हा तिच्यावर अन्यायच होय.

आयकर वाचेल, ही आशाही बहुतांशी फोल. पतीने पत्नीस दिलेल्या भेटीवर तिला कर नाही, परंतु त्या भांडवलातून होणारा नफा पतीच्याच उत्पन्नात मिळविला जातो. वर्षारंभी पत्नीच्या धंद्यात २० लाख रुपये भांडवल असेल आणि त्यांतील १५ लाख पतीने दिलेले असतील, तर नफ्याचा तीन चतुर्थांश भाग पतीचा धरला जातो. तिने स्वतःच्या स्त्रीधनातून घातलेल्या रकमेचा नफा तिचाच. पुरेसा मोबदला घेऊन पेढी विकल्यास ही तरतूद लागत नाही. मग भांडवली नफ्याचा हिशेब करावा लागतो.

दुकानाचा गाळा ही पुन्हा वेगळी बाब. महाराष्ट्रात राहते घर वा शेतजमीन पत्नीस बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये. व्यापारी गाळ्यास ही सवलत नाही. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादाही आपोआप पत्नीकडे जात नाही आणि पतीचे कर्ज पतीचेच राहते.

काहीच न केल्यास सारे पत्नीकडेच जाईल, असेही नाही. जैनांना हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई, सर्वांचे वाटे सारखे. केवळ पश्चात सोय एवढाच हेतू असेल, तर हयातीत पेढी हलविण्यापेक्षा दोन साक्षीदारांसमक्ष केलेले मृत्युपत्र पुष्कळ सोपे. प्रत्यक्ष गल्ल्यावर बसून खरेदी, उधारी आणि वसुली पाहणाऱ्या पत्नीच्या नावे मात्र पेढी अवश्य करावी, आणि दस्तापूर्वी मागील वर्षांची विवरणपत्रे, नोटिसा व देणेकऱ्यांची यादी तिच्यापुढे ठेवावी.