धडधडीची गोळी : एकाला तारक, दुसऱ्याला मारक



मागच्या हंगामात ऊसनोंदीसाठी फिरताना एका सभासदाने बांधावरच अडवले. "साहेब, धाकट्याच्या छातीत धडधड होते, परवा चक्कर येऊन पडला. मोठ्या भाऊची हार्टची गोळी घरात हाये, तेच देऊ काय?" बोलता बोलता कळले की त्याचा चुलता अन् एक पुतण्या ऐन तारुण्यात झोपेतच गेले होते. मी काही डॉक्टर नाही, शेतीचा डिप्लोमावाला. पण विषय क्षारांचा आहे, आणि क्षार आपल्याला समजतात.

हृदयाच्या पेशीला सूक्ष्म दारे असतात. सोडियम आत शिरला की ठोक्याला सुरुवात होते, पोटॅशियम बाहेर पडला की पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. काही घराण्यांत ही दारे जन्मतःच सदोष. 'लाँग क्यूटी' विकारात बहुधा पोटॅशियमचे दार सुस्त असते. ब्रुगाडा बंधूंनी १९९२ साली मांडलेल्या विकारात बऱ्याचदा सोडियमचे दार कमजोर असते.

ठोका सुधारणारी बरीच औषधे याच दारांवर चालतात. सर्पगंधेचेच घ्या. तिच्या मुळीतून सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी १९३१ साली दिल्लीत एक द्रव्य वेगळे काढले आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' म्हटले. ते सोडियमचे दार आवळते. काहींची धडधड त्याने थांबते. ब्रुगाडाच्या रोग्यात मात्र कमजोर दार आणखी मिटते आणि जीवावर बेतू शकते. म्हणून काही देशांत डॉक्टर ते इस्पितळातच, यंत्र लावून, रोग ओळखण्यापुरते टोचतात. (मुळी उगाळून पाजायचा विचार कुणी करू नये!) फ्लेकेनाइड गोळीचेही असेच.

सिंकोनाच्या सालीतले क्विनिडीन ब्रुगाडात उपयोगी पडते, पण लाँग क्यूटीत पोटॅशियमचे सुस्त दार आणखी अडवून घात करते. लाँग क्यूटीला प्रोप्रानोलोलसारखी गोळी लागते, तीही रोज, न चुकता. मुरमाड रानाला मानवणारी पाण्याची पाळी खारपाणपट्ट्यातल्या चिकण जमिनीत ऊस पिवळा पाडते, तसेच हे.

लाँग क्यूटीच्या माणसाला साधी औषधेही बाधू शकतात : हिवतापाची क्लोरोक्विन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, ओकारीवरची डॉमपेरिडोन. मेडिकलातून परस्पर आणू नयेत. ब्रुगाडावाल्याने ताप अंगावर काढू नये. आणि पळताना किंवा दचकून पोर पडले की लगेच 'फीट' किंवा बाहेरची बाधा ठरवू नका. आधी ईसीजी काढा. एक पट्टी चांगली निघाली तरी घरातले अकाली मृत्यू डॉक्टरांना सांगाच.

त्या सभासदाने गोळी दिली नाही. पोराला घेऊन तालुक्याला गेला. पट्टीत दोष निघाला; डॉक्टरांनी दोन्ही बहिणींनाही तपासायला बोलावले आहे.