खेड्यातील हवेचे मोजमाप

पौष-माघातील पहाटे गंगेच्या मैदानातील एखाद्या खेड्यात गेल्यास धुके कोठे संपते आणि धूर कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरचा थर उबदार असल्यामुळे चुलींचा, शेकोट्यांचा व वीटभट्ट्यांचा धूर वर चढू शकत नाही. डोळे चुरचुरतात, म्हाताऱ्यांना धाप लागते. परंतु या हवेत अपायकारक कण नेमके किती, असे विचारल्यास अगदी अलीकडेपर्यंत त्याला उत्तर मिळत नसे. कारण तेथे ते कोणी मोजीतच नव्हते.

या कणांपैकी सर्वांत चिंतेचे ते २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे. माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे हे कण फुप्फुसात खोलवर शिरतात. २००९ साली ठरलेल्या भारतीय मानकानुसार त्यांची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा ५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली.

मर्यादा ठरली, तरी ती पाळली जाते की नाही हे मोजल्यावाचून कळणार कसे? आपल्या देशात १९८४ पासून मापनकेंद्रांचे जाळे उभारले जात आहे. परंतु त्यांतील बहुसंख्य केंद्रे शहरांत आहेत. याचे एक मोठे कारण म्हणजे खर्च. प्रमाणभूत यंत्रात हवा गाळणपट्टीतून ओढली जाते, पट्टीवर जमलेल्या धुळीतून बीटा किरण सोडले जातात आणि ते किती क्षीण झाले यावरून धुळीचे वजन काढले जाते. अशा यंत्रांनी सुसज्ज केंद्रासाठी सुमारे एक कोटी रुपये लागतात. शिवाय अखंड वीज व प्रशिक्षित माणूसही हवा.

स्वस्त संवेदकाची रीत निराळी आहे. हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या या उपकरणातील लहानसा पंखा हवा आत ओढतो. तिच्यावर लेसरचा झोत पडतो आणि कणांमुळे विखुरलेला प्रकाश एक प्रकाशग्राही टिपतो. कवडशात धुळीचे कण चमकताना आपण पाहतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र एक भेद विसरता कामा नये : प्रमाणभूत यंत्र जमलेल्या धुळीचे वजन काढते, संवेदक केवळ चमक पाहून वजनाचा अंदाज बांधतो.

हा अंदाज चुकतो, आणि ठरावीक कारणांनी चुकतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, अधिक प्रकाश विखुरतात आणि संवेदक वाढीव आकडा दाखवितो. धुक्याच्या दिवसांत ही चूक मोठी असते. उलट, उन्हाळ्यातील वावटळीची जाडी धूळ त्याला फारशी दिसत नाही. कालांतराने आत धूळ बसते व वाचन सरकत जाते.

यावर उपाय म्हणजे तुलना. संवेदक प्रमाणभूत यंत्राशेजारी काही आठवडे ठेवतात. समजा, यंत्र १०० दाखवीत असता संवेदक १५० दाखवितो. तर तापमान व आर्द्रता यांची नोंद घेऊन दुरुस्तीचे सूत्र बांधता येते. हे सूत्र सर्वत्र चालत नाही. दिल्लीच्या रस्त्यावरचा धूर आणि खेड्यातील गोवऱ्यांचा धूर एकाच प्रकारे प्रकाश विखुरत नाहीत, म्हणून तुलना त्या त्या प्रदेशात व ऋतुमानानुसार पुन्हा करावी लागते.

ही काळजी घेतल्यास स्वस्त संवेदक मोठे काम करू शकतात. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने उत्तर प्रदेश व बिहारच्या ग्रामीण भागात देशी बनावटीचे हजाराहून अधिक संवेदक बसविले आहेत. युगांडातील मकेरेरे विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ पासून तेथील ऊन, धूळ व अनियमित वीजपुरवठा ध्यानात घेऊन उपकरणे घडविली आणि कंपाला शहरात ती इमारतींवर, तसेच भाड्याने चालणाऱ्या मोटारसायकलींवरही बसविली. दाट जाळे असले की प्रदूषण कोठे व केव्हा वाढते हे दिसू लागते. पहाटे व तिन्हीसांजेला वाढणारा आकडा चुलींकडे बोट दाखवितो. वारा ठरावीक दिशेने आला की वाढणारा आकडा एखाद्या भट्टीकडे.

संवेदक हवा शुद्ध करीत नाही. दुरुस्तीवाचून जाहीर केलेला त्याचा आकडा तर लोकांना विनाकारण भिववील किंवा खोटा दिलासा देईल. म्हणून संवेदकांच्या खरेदीबरोबरच त्यांची तुलना, साफसफाई व देखभाल यांचीही तरतूद केली पाहिजे. तसे झाले, तर चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आणि भट्टीवर राबणाऱ्या मजुराला आपल्या खोकल्याचे कारण सांगताना हाती पुरावा असेल, आणि शासनाला तो नजरेआड करता येणार नाही.